चाललेल्या बाईचा नंबर

गेल्या गणपतीत, पाचव्या दिवशी संध्याकाळी, आमच्या लालबागच्या चाळीने एका जपानी बाईचा हक्क जवळजवळ मारलाच होता. कुठेही कापूर पेटला की मला ते आठवतं. दादरला जपानी शिकवत ती नऊ वर्षं आमच्या मजल्यावर भाड्याने राहिली. आता क्लास बंद पडला होता, व्हिसा संपत आला होता, सामान दोरीने बांधून गॅलरीत रचलेलं होतं. आमच्याकडे आरतीचा मान रोज एका खोलीला मिळतो, ओळीने. त्या दिवशी नंबर तिच्या खोलीचा होता आणि त्यासाठी तिने मायदेशी जायचं तिकीट पुढे ढकललं होतं. ऐन वेळी सेक्रेटरींनी शेजारच्या खोलीतल्या मालवणी काकूंना पुढे बोलावलं. मी विचारलं, "आणि हिचं काय?" सेक्रेटरी म्हणाले, "अरे, ती आता चाललीच आहे. तिला कशाला?" "मान खोलीचा असतो की पासपोर्टचा?" मी ओरडलो. बाई मात्र नेहमीसारखी मागे झांजा धरून उभी होती. काकूंनी थाळी उचलली आणि गर्दीतून सरळ तिच्यापर्यंत गेल्या. "धर गो बाय. माजो नंबर उद्या." बाईने थाळी ओवाळत आरती शेवटपर्यंत पाठ म्हटली. आज त्या खोलीत बिहारचं जोडपं भाड्याने राहतं. तुमच्याही इमारतीत असं कुणी असेल. त्यांचा नंबर आला की थाळी त्यांच्या हातात द्या. काकूंची वाट बघू नका.