आणून देई

आमच्या घरात धर्मावरून जेवढी भांडणं झाली तेवढी वरणातल्या मिठावरूनही झाली नाहीत, आणि मिठावरून तर रोज व्हायची.

बाबा मलकापूरला कापसाच्या जिनात फिटर होते. आम्ही कॅथलिक. गावात आमची घरं बोटांवर मोजण्याइतकी, त्यातली निम्मी रेल्वेतल्या गोव्याकडच्या आणि मद्रासकडच्या लोकांची, बदली झाली की निघून जाणारी. फादर महिन्यातून एकदा गाडीनं यायचे आणि रेल्वे क्वार्टरच्या एका खोलीत मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, करायचे. मिस्सा लॅटिनमध्ये. फादर आमच्याकडे पाठ करून वेदीशी बोलायचे आणि आम्ही गुडघे टेकून त्यांच्या पाठीकडे बघत बसायचो. कुणाला काही कळत नव्हतं, आणि कळत नाही म्हणूनच ते पवित्र आहे असं आमच्यातले पुष्कळ जण समजत.

मायचं तसं नव्हतं. ती देऊळघाटची, अक्षरओळख नसलेली. पण त्या सगळ्या लॅटिनमधली एक ओळ तिला चांगली समजायची. मिस्सा संपत आला की फादर छातीवर मूठ मारत तीनदा म्हणायचे, "आणून देई." मायच्या मते एवढं तरी ते मराठीत म्हणायचे, आपल्यासारख्या अडाणी बायकांसाठी. जे हरवलं ते देव आणून देई. तीही तीनदा छातीवर मूठ मारायची. मलाही तेच ऐकू यायचं, त्यात शंका घेण्यासारखं मला कधी काही वाटलं नाही.

आधी ती काय मागायची कोण जाणे. भाऊ गेल्यापासून मात्र ती तीन वेळा त्यालाच मागायची.

भाऊ काही मेला नव्हता. रेल्वे फाटकाच्या पलीकडे राहायला गेला होता. गावात दुसरे ख्रिस्ती होते, ते मिशनचे, प्रॉटेस्टंट. त्यांचं चर्च मोठं, शाळा त्यांची, पेटी-तबल्यावर मराठी गाणी. ते आम्हाला मूर्तीवाले म्हणायचे, आणि आम्ही त्यांना काय म्हणायचो ते लिहिण्यासारखं नाही. त्यांचे धर्मगुरू, म्हणजे पाळक, आणि बाबा यांची रविवारी संध्याकाळी स्टेशनासमोरच्या चहाच्या दुकानात जुंपायची. मारियेची मूर्ती कशाला, पोप कशाला, माळ कशाला. बाबांकडे सगळ्याची उत्तरं होती, काही तर पाळकांपेक्षा बरी. दुकानदार मारवाडी, त्याला दोघांचंही काही पटत नसे, पण चहा खपायचा म्हणून तो मध्ये मध्ये एखादा प्रश्न टाकून शेकोटी पेटती ठेवायचा.

एका रविवारी पाळक शांतपणे म्हणाले, "तुमच्या देवाले मराठी समजत नाही काय हो?"

दुकानातले सगळे हसले. बाबांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. शेजारी भाऊ बसला होता, तो खाली मान घालून राहिला. काही महिन्यांनी तो घरी म्हणाला की मले समजेल अशा भाषेत प्रार्थना पाहिजे, आणि मिशनच्या चर्चमध्ये जायला लागला. पुढे पाळकांच्या मुलीशी तिथंच लग्न केलं. मला विचाराल तर त्याला भाषेपेक्षा मुलगी जास्त समजत होती. पण बाबांनी भाषेचंच धरून ठेवलं. मुलगा पोरीपायी गेला म्हणण्यापेक्षा तत्त्वापायी गेला म्हणणं बापाला सोपं जात असावं. त्यांनी त्याला दार बंद केलं आणि बिशपसाहेबांना अर्ज लिहायला घेतला.

अर्जात बाबांनी जीव ओतला. मराठीचं राज्य झालं, कचेरीचे कागद मराठीत यायला लागले, तलाठीसुद्धा मराठीत लिहितो, मग देवाच्या घरातच आम्ही मुके का, असं त्यांनी लिहिलं. मिस्सा मराठीत द्या, नाहीतर आमची मुलं एकेक करून पलीकडे जातील. सह्या घ्यायला ते दारोदार हिंडले. गोव्याचे गार्डसाहेब म्हणाले की लॅटिन सगळ्यांचं आहे, मराठी आली तर आम्ही कुठं जायचं. बोलण्यात तथ्य होतं, पण बाबा त्यांच्याशी वर्षभर बोलले नाहीत. देवाच्या नावानं अबोला धरण्यात आमचे लोक पटाईत.

शेवटी कागद मायपुढे आला. बाबांनी तिच्या अंगठ्याला शाई लावली. तिनं एकच विचारलं, "यानं तो वापस येईन काय?"

"येईल," बाबा म्हणाले. "मंग त्याच्यापाशी कारणच राह्यत नाही."

तिनं अंगठा इतका दाबून दिला की कागदाच्या मागच्या बाजूला डाग उठला.

उत्तर आलं नाही. बाबांनी दुसरा अर्ज केला. त्याला बिशपसाहेबांच्या चिटणिसाचं इंग्रजी उत्तर आलं, ते आम्ही स्टेशनमास्तरांकडून वाचून घेतलं. श्रद्धावंतांनी उतावीळ होऊ नये, नम्रतेनं प्रार्थना करावी. बस. मराठीसाठी केलेल्या अर्जाला इंग्रजीतून नम्रता शिकवणाऱ्या त्या माणसाचा मला आजही राग येतो. मग रोमहूनच सगळ्या जगासाठी आपापल्या भाषेत मिस्सा करायची मोकळीक आली आणि आमच्याकडेही मिस्सा मराठीत होणार असं फादरांनी सांगितलं. आमच्या अर्जाचा कुणी उल्लेखही केला नाही. बाबा मात्र गावभर सांगत सुटले की अर्ज मंजूर झाला.

त्या आठवड्यात बाबा पहिल्यांदा फाटक ओलांडून भावाच्या दारात गेले. आत गेले नाहीत. रविवारी मराठीत मिस्सा आहे, एवढं उभ्यानं सांगितलं. भाऊ म्हणाला, पाहू. घरी येऊन बाबांनी ते "येतो" असं सांगितलं. मायनं शनिवारीच पुरणाची डाळ भिजत घातली.

रविवारी तिनं स्वतःच्या शेजारची जागा पदर पसरून धरली होती. फादर या वेळी आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. मराठी होती, पण आमच्याकडे कुणी बोलत नाही अशी, शाळेच्या धड्यासारखी. तरी कळत होतं. माय दाराकडे आणि फादरांकडे आळीपाळीनं बघत होती. शेवट जवळ आला तशी तिनं मूठ वळून छातीशी नेली.

"हे देवाच्या कोकरा," फादर म्हणाले, "आम्हांवर दया कर."

तीनदा कोकरालाच हाक मारली. मायची मूठ तशीच हवेत राहिली. शेजारची जागाही तशीच.

मिस्सा झाल्यावर सगळे दारात उभे असताना तिनं फादरांना विचारलं, "फादर, आज तुमी आणून देई काऊन नाही म्हनलं?"

फादरांना आधी कळलंच नाही. मग कळलं आणि ते खळखळून हसले. भला माणूस, मनात वाईट काही नव्हतं. म्हणाले, "अहो बाई, ते आन्यूस देई. लॅटिन आहे. त्याचाच अर्थ देवाचं कोकरू." गार्डसाहेब हसले, त्यांची बायको हसली. बाबाही हसले, फादरांपुढे हसावं लागतं म्हणून. आठ दिवसांत तो किस्सा चहाच्या दुकानातून फाटकापलीकडे पोचला. पाळकांनी म्हणे एका रविवारी उपदेशात सांगितला, समजल्याशिवाय केलेल्या प्रार्थनेचं उदाहरण म्हणून. माझा भाऊ तिथं बाकावर बसलेला होता. तो हसला की नाही ते मी विचारलं नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर बाबा तिची समजूत काढत होते की आता तरी तुला एकेक शब्द समजतो. माय पुरण वाटत होती. पुरण तर करावंच लागणार होतं, डाळ भिजली होती.

"समजते," ती म्हणाली. "पन त्याच्यात माह्यं मागनं कुठी हाय? मीच अंगठा देला त्याच्यावर."

नंतरही ती दर महिन्याला मिस्साला जायची. कोकराची ओळ आली की तोंड मिटून बसायची.

ती गेली तेव्हा भाऊ आला. मातीच्या वेळी तो कब्रस्तानाच्या भिंतीला टेकून, आमच्या क्रुसाला हात न लावता उभा होता. फादरांनी सगळं मराठीत केलं, सावकाश, स्पष्ट. त्याला हवी होती तशी प्रार्थना झाली, शब्द न् शब्द समजणारी.