मॅडमच्या पडद्यावरचा आजार

"हिच्याकडे बघा. सातवा महिना आहे. सकाळपासून उभी आहे. हिला आलंय का कधी डिप्रेशन?"

मॅडमनं माह्याकडे बोट दाखवलं. माह्या हातात चहाचा ट्रे. पंधरा-वीस गरोदर बाया वळून पाहू लागल्या. काही हसल्या. मॅडम पुढे म्हणाल्या, "या लोकांना वेळच नसतो त्याला."

मॅडम डॉक्टर. सदर भागातल्या त्यायच्या क्लिनिकमधी मी साफसफाई करत होती. तिथं मोठ्या घरच्या गरोदर बायाइसाठी क्लास व्हायचा. खुर्च्या मी लावायची. त्या दिवशी विषय होता गरोदरपणातल्या उदासीचा.

पडद्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. दोन आठवड्यांहून जास्त मन उदास. झोप नाही. भूक नाही. कशातच जीव लागत नाही. बाळाबद्दल काहीच वाटत नाही. मरावंसं वाटतं.

मी एकेक ओळ वाचली. दोन महिने हेच होऊन राहिलं होतं. पोटात लेकरू हलायचं अन् मले काही वाटायचं नाही. न्हाणीत नळ सोडून रडायची. सक्करदऱ्याच्या तलावाजवळून जाताना पाय थांबायचे. मी समजत होती, मीच नालायक आई आहो. हा आजार आहे, याले इलाज आहे, हे मले तिथं उभ्या उभ्या कळलं. जिनं ते पडद्यावर लावलं, तिले मात्र समोरची बाई दिसली नाही.

मी ट्रे टेबलावर ठेवला. म्हटलं, "मॅडम, ते सगळं मले होऊन राहिलं."

मॅडम हसल्या. "अगं, तुला थकवा आला असेल. हे वेगळं असतं. संवेदनशील मनाचं."

म्हणजे माह्याजवळ मनच नाही. ढोर आहो मी. भिंतभर डिग्र्या टांगल्या अन् अक्कल एवढीच. मले रडू नाही आलं. किळस आली तिची.

"काहून वेगळं?" मी विचारलं.

तिनं पडद्यावर पुढचं पान लावलं. मी चपला घातल्या अन् निघाली. परत त्या कामावर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याले घेऊन सरकारी दवाखान्यात गेली. तो रस्ताभर म्हणत होता, बाळंतपण झालं की होईल ठीक. मनाच्या डॉक्टरीणबाईनं त्याले शेजारी बसवलं अन् मले सरळ विचारलं, मरावंसं वाटतं का? मी हो म्हटलं. नवऱ्याचं तोंड उतरलं. तेव्हापासून त्यानं मले एकटं सोडलं नाही. दर आठवड्याले बोलायले जायची. गरोदरपणात चालतील अशा गोळ्याही दिल्या. लवकर बरं नाही वाटलं. पोरगी झाल्यावरही कितीतरी दिवस वाईट गेले. गोळ्या अजून चालू आहेत.

पोरगी चार महिन्यांची असताना मॅडमचा फोन आला. मी इलाज घेतल्याचं तिले कोणाकडून तरी कळलं होतं. क्लासमधी येऊन आपली कहाणी सांग म्हणे, बायांना प्रेरणा मिळेल. मी म्हटलं, "येते. पण तुम्ही मले काय बोलल्या, तेही सांगीन." तिनं फोन ठेवला.

आता वस्तीतल्या अंगणवाडीत गरोदर बाया तपासणीले येतात, त्या दिवशी मी जाऊन बसते. वजन नर्सबाई पाहते. मी झोपेचं विचारते, रडण्याचं विचारते, मरणाचंही विचारते. हो म्हणणारीले हाताले धरून दवाखान्यात नेते. अन् या लोकाइले असं काही होत नाही, असं माह्यासमोर कोणी म्हणून पाहावं. कितीही शिकलेला असो, चार माणसाइत उभा करून विचारीन, तू त्यायले कधी विचारलं होतं का?