खोटे तीन दिवस

“काय वं शेवंते, तीन महिने झाले. तुह्यावाला कावळा मेला काय?”

मुकादम सगळ्यांसमोर ओरडला. शेवंता डोक्यावर मुरमाची टोपली घेऊन तशीच उभी राहिली. पुरुष हसले. बायाही हसल्या.

शेवंता माझी धाकटी नणंद. लग्नाला दोन वर्षं झाली आणि नवरा गेला. तेव्हापासून आमच्याकडेच. दुष्काळात आम्ही दोघी रिठदकडच्या रस्त्याच्या कामावर मुरूम वाहायचो. मुकादम पाटलाचा भाचा. कावळा शिवला, म्हणजे पाळी आली, की त्या बाईनं पाण्याच्या पिंपाजवळून जायचं नाही. तीन दिवस दूर बसून खडी फोडायची. हा त्याचा नियम. त्यामुळे कोणाची कधी आली, ते साऱ्या कामाला कळायचं.

मग तो माझ्याकडे वळला. “तू तिची भावजय. खरं सांग. ही बाहेर बसली काय?”

मी खाली पाहिलं. म्हटलं, “नाही.”

“आयका! नवरा मसनात, अन् पोट कोनाचं वं? उद्यापासून माह्या कामावर दिसू नको.”

शेवंतानं टोपली उतरवली. माझ्याकडे एकदा पाहिलं. चालू लागली.

माझी पाळी तिच्याही आधीपासून बंद होती. चार महिने. तरी दर महिन्याला मी कावळा शिवला म्हणून खडीवर जाऊन बसत होते. मानेवरचं ओझं तीन दिवस तरी टळावं म्हणून. पोटभर खाणं होतं तेव्हा पहिले दोन दिवस माझी कंबर मोडून यायची. पाळी सरली की आठवडाभर अशी ताकद यायची की ज्वारीचं पोतं एकटी हलवायची. दुष्काळात सगळे दिवस सारखेच झाले. नर्सबाई कामावर लस टोचायला आल्या तेव्हा मी हळूच विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, “खायाले नाही अन् एवढं वजन उचलता. अंग आधी जीव वाचवते, म्हणून पाळी थांबते. पोटभर खाल्लं की येईल.”

म्हणजे मला माहीत होतं. माहीत असून मी नुसतं “नाही” म्हटलं. शेवंता माझ्यासारखी खोटं बसली नाही, म्हणून सापडली.

पाच दिवस ती घरात पडून होती. कामावर खायला मिळणारी सुकडी मी पदरात बांधून आणायची. तिनं हात लावला नाही. सासूबाईंनी तिचं पोट दाबून पाहिलं. मी चूल फुंकत राहिले.

सहाव्या दिवशी मुकादम मला म्हणाला, “तुहे दिवस आले न? जाय, बस खडीवर. बाई असावी तर अशी.”

मी चार माणसांत कधी बोलले नव्हते.

“मले नाही आली,” मी म्हटलं. “चार महिन्यापासून नाही. मी खोटं बसत होती.”

“काय?”

“शेवंता खरी होती. उपाशी पोटी ओझं वाह्यलं की बंद होते. नर्सबाईले इचारा. या बायाईले इचारा.”

बायांनी खाली पाहिलं. मी पाहिलं होतं तसंच. फक्त एक नवी सून पुटपुटली, “माहीबी नाही.”

“मंग तुबी घरी जाय,” मुकादम मला म्हणाला.

घरी येऊन मी शेवंताला सगळं सांगितलं. ती गोधडी शिवत होती. वर न पाहता म्हणाली, “तवा काहून नाही बोलली, वैनी?”

मी चुलीपाशी जाऊन बसले. दोन दिवसांनी ती किन्हीराजाला मावशीकडे गेली. ती आमच्या दारात परत आली नाही.

माझी पोरगी आता वयात आली आहे. शेजारणी दारात येऊन विचारतात, बाहेर बसते काय, कितवा दिवस. सासूबाईही विचारतात. मी सांगत नाही. त्या चिडतात, चार दिवस बोलत नाहीत. चिडू देत. दुसऱ्या बाईच्या अंगाची साक्ष मी देणार नाही. खोटी नाही. खरीही नाही.