तीन वाटांचं विधान

येलदरीहून जीप आली तेव्हा आई तांदूळ निवडत होती. "सायेबाला सुरुंग लागला," ड्रायव्हर दारातूनच म्हणाला. त्याच्या बाह्या कोपरापर्यंत रक्ताने कडक झाल्या होत्या. आई उठली नाही. निवडतच राहिली...

सायेब म्हणजे माझे मामा; ते येलदरी धरणाच्या दगडखाणीवर इंजिनियर होते. अमेरिकेत त्यांनी फोर्ट्रान ही गणकयंत्राची भाषा शिकून घेतली होती. हैदराबादच्या इंग्रजी शाळेतून मी सुटीला जिंतूरला आले, की ते मला तिच्यातल्या विधानांचे प्रकार सांगत. काही विधानं हिशेब करतात, काही छापतात, काही स्वतः काहीच न करता यंत्राला नुसतं आधी सांगून ठेवतात. त्यांचं लाडकं होतं ‘इफ’. उत्तर शून्याहून कमी, शून्य किंवा जास्त; तिघांना तीन वाटा. खाणीवर त्यांनी तोच नियम घातला. ऐकलेल्या धमाक्यांतून भरलेले सुरुंग वजा करायचे. शून्य आलं तर कामाला लागायचं. कमी आलं तर एक अजून आत जिवंत आहे, हलायचं नाही. जास्त आलं तर मोजणीच चुकली, तेव्हाही बसून राहायचं.

ठेकेदाराच्या मुकादमाला हे बसणं सोसत नसे. एकदा माझ्यासमोर त्याने किसन नावाच्या मजुराला ओल्या दोराने पाठ फुटेस्तोवर मारलं. मामांनी दोर हिसकला, तर त्यांचे दात पाडले. मी जीपमध्ये गोठून बसले होते. रक्त थुंकत मामा किसनला म्हणाले, "तरी उठू नका."

जीप आली त्या दिवशी खाणीत एक धमाका कमी ऐकू आला. पुढचं किसननेच सांगितलं. मुकादम ओरडला, "दोन संगं उडाले. उठा, का कातडी सोलू?"

"येक कमी हाय. आमी न्हाई जात."

काठी किसनच्या डोक्यात बसली. बाकीचे भिऊन खाणीत शिरले. मामा धावत त्यांच्या पुढे गेले, आणि ज्यांना कधी अरेतुरे केलं नव्हतं त्या माणसांना शिव्या देत दगडांनी मारू लागले. एकाचं कपाळ फुटलं. माणसं मागे पळाली... मामा तेवढे आत राहिले.

मामांच्या तेराव्यानंतर त्यांचं सामान आणायला आम्ही गेलो, तेव्हा खाणीत सुरुंग उडत होते. धूर निवळला तरी मजूर बसूनच होते. मुकादमाने काठी उगारली. डोक्याला फडकं बांधलेला किसन जागचा हलला नाही.

"मारा, मालक. वजाबाकी व्हायलीय अजून."

काठी त्याच्या पाठीवर पडली. कुणीच उठलं नाही.