फिनाईलबाईंची टाकी

दवाखान्यातून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी बाईंच्या हाताचा वास गेला नव्हता आणि नावही गेलं नव्हतं. तीस वर्षं त्यांनी वॉर्डातल्या फरशा, खाटांचे पाय आणि बेसिनं फिनाईलनं पुसली. नर्सेस त्यांना फिनाईलबाई म्हणू लागल्या त्या चेष्टेनं, पण बाईंनी ते नाव पदवीसारखं मिरवलं. ‘जंतू’ हा शब्द त्या असा उच्चारत, की ऐकणाऱ्यानं आपले हात मागे लपवावेत.

अशा बाईंच्या परसात त्यांच्या मुलीनं ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारी टाकी बसवून घेतली. बाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलगी काही महिने येऊन राहिली होती, तेव्हाची ही गोष्ट. भाजीची देठं, फळांची सालं, उरलासुरला भात बादलीत पाण्यात कालवून ती रोज सकाळी टाकीच्या तोंडात ओतायची. टाकीवरचं पालथं पिंप गॅस साठला की वर यायचं आणि स्वयंपाकघरात शेगडी निळी पेटायची. घाणीतून इतकी स्वच्छ ज्योत निघते कशी, हे बाईंच्या काही केल्या डोक्यात शिरत नसे. पण चहा फक्कड व्हायचा, तेव्हा त्यांनी डोक्याला ताप देणं सोडून दिलं.

मुलगी आपल्या घरी गेली आणि तिसऱ्या आठवड्यात ज्योत फडफडली, मग गेलीच. पिंप खाली बसलं ते बसलंच.

“आई, तू कचरा टाकायला विसरत असशील,” मुलगी फोनवर म्हणाली.

“रोज टाकते गं.”

“तुला वाटतं टाकला म्हणून. माझ्या हातात होतं तोवर नीट चाललं, मग तुझ्याकडे आल्यावरच कसं बंद पडलं? हे काही ठीक नाही. रविवारी येते मी. आता एकटी राहू नकोस, माझ्याकडे चल.”

बाईंनी कॅलेंडर पाहिलं. रोजच्या तारखेवर त्यांनीच केलेली खूण होती. पण आधी कचरा टाकला आणि मग खूण केली, की नुसतीच खूण केली? आता काही सांगवेना. दाराची कडी लावली का, हे बघायला त्या तीनदा उठल्या. चहात साखर घातली का ते पाहायला घोट घेतला, आणि आपण घोट कशासाठी घेतला तेच आठवेना. वॉर्डात पोटच्या मुलाला ‘आपण कोण?’ विचारणारी म्हातारी माणसं त्यांनी पाहिली होती. बाई घाबरल्या. घर सोडावं लागेल याची भीती होतीच, पण आपलाच आपल्यावर भरवसा उरला नाही, हे त्यांना जास्त लागलं.

शनिवारी त्यांनी टाकी बसवणाऱ्या मिस्तरीला बोलावलं. त्यानं झाकण उघडून नाक आत घातलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“काकू, रोज करता तसंच करून दाखवा बघू.”

बाईंनी कचरा कालवला, ओतला. मग बादलीत पाणी घेतलं, डब्यातून टोपणभर फिनाईल टाकलं, बादली खळखळून विसळली आणि ते पाणीही टाकीच्या तोंडात सोडलं.

“अहो, हे काय?”

“बादली धुतली.”

“फिनाईलनं?”

“मग कशानं, अत्तरानं?”

मिस्तरी पायरीवर बसलाच. “काकू, टाकीत जंतू असतात. ते कचरा खातात, म्हणून तर गॅस होतो.”

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. “म्हणजे माझा चहा जंतूंवर होत होता?”

“आणि तुम्ही त्यांना रोज जेवायला घालून वर मारतही होतात. एकही दिवस चुकला नाही ना?”

“एकही नाही!”

“तेच नडलं. अधूनमधून विसरला असतात, तर थोडे तरी वाचले असते.”

बाई आधी हसल्या, मग त्यांना रडूच फुटलं. इतकी आनंदाची बातमी त्यांना कित्येक दिवसांत कुणी दिली नव्हती. मिस्तरीनं टाकी उपसली, ताजं शेण कालवून भरलं आणि ज्योतीला तीन-चार आठवडे तरी लागतील असं बजावून तो गेला.

त्यामुळे रविवारी मुलगी रिकामी बॅग घेऊन आली, तेव्हा दाखवायला ज्योत नव्हतीच. बाईंनी विजेच्या किटलीत चहा केला आणि सगळं सांगितलं.

“पण फिनाईल आलं कुठून?” मुलगी म्हणाली. “तुझ्या डोळ्यांना झोंबतं म्हणून मीच घरातलं सगळं फेकलं होतं.”

बाईंनी पाच लिटरचा डबा तिच्यासमोर ठेवला. “जायच्या दिवशी तूच घेऊन आलीस. ‘रुसू नकोस, घे तुझं अत्तर’ म्हणालीस. आणि वर, ‘ती बादली वास मारते, रोज स्वच्छ धुवत जा.’”

मुलगी डब्याकडे बघत राहिली.

“मी? मी असं म्हणाले?”

“विसरलीस?”

बाईंच्या तोंडून शब्द निघून गेला. मुलीचा चेहरा अगदी गोंधळला होता. आठवडाभर आपलाही असाच झाला असणार, हे बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांना पोरीची दया आली. त्यांनी तिची रिकामी बॅग उचलून खाटेखाली सरकवली.

“चहा पी,” त्या म्हणाल्या. “मग बादली धू. साध्या पाण्यानं.”