एका दिवसाचा वॉर्ड

आमच्या डॉक्टरांनी माझा केसाने गळा कापला. हे वाक्य आमच्या कामतघर वस्तीत मी मोठ्याने म्हणू शकत नाही. म्हटलं, तर लोक डॉक्टरांना काही विचारणार नाहीत, मलाच पाणी प्यायला देतील आणि जरा बस म्हणतील. लिहायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून लिहिते.

मी त्यांच्या हॉस्पिटलात रिसेप्शनला बसायचे. डॉक्टर आमच्याच गावचे, अंबाडीच्या पुढचे. त्यांच्या वडिलांची जमीन गोडाऊनवाल्यांनी घेतली, त्या पैशातून मुलगा शिकला आणि भिवंडीत येऊन त्याने हॉस्पिटल काढलं. माझ्या वडिलांची जमीन कुणी घ्यावी इतकी नव्हतीच, त्यामुळे ते भिवंडीत येऊन कापडाच्या लूमवर कामाला लागले. तरी गाव एक म्हणजे नातं आलंच. डॉक्टर बाबांना काका म्हणायचे, आणि बाबा चारचौघांत सांगायचे, ‘आपला पोरगा हाय त्यो.’ डॉक्टर दिसले की आई डोक्यावर पदर घ्यायची. इतका मान ती देवळातल्या पुजाऱ्यालाही देत नसे.

आणि खरं सांगायचं तर मानाजोगं वागलेही होते ते. कोरोनात बाकीचे दवाखाने शटर ओढून बसले तेव्हा हा माणूस हॉस्पिटल सोडून घरी गेला नाही. बाबांचा श्वास पार खाली गेला होता, वॉर्डबॉय सगळे तापाने पडलेले, तेव्हा डॉक्टर स्वतः सिलिंडर खांद्यावर घेऊन जिना चढले. मी पायरीवर उभी राहून पाहिलंय. राग त्यामुळेच जास्त येतो. मुळातच लबाड असलेल्या माणसाने फसवलं तर आपण स्वतःला दोन शिव्या घालतो आणि मोकळे होतो. ज्याने बापाला जिवंत परत दिलं त्याने फसवलं तर शिव्या तरी कुणाला घालायच्या?

लाट ओसरल्यावर सरकारचा कोरोनाचा मदतनिधी आला. केंद्राचा पैसा. त्यातून वरच्या मजल्यावर ऑक्सिजनचा नवा वॉर्ड झाला आणि मागच्या आवारात हवेतून ऑक्सिजन काढणारा प्लांट बसला. या पैशाला अटी होत्या. डॉक्टरांनी सगळ्या स्टाफला खाली उभं करून त्या समजावून सांगितल्या. वॉर्ड गरिबांसाठी फुकट चालवायचा. कोरोना गेला तरी पुढची काही वर्षं चालवायचा. प्लांट बंद ठेवायचा नाही. आणि दरवर्षी वरून पथक येऊन हे सगळं बघणार. ‘हा पैसा आपला नाही, लोकांचा आहे,’ ते म्हणाले, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले होते. आता आठवलं की स्वतःचीच चीड येते.

बाबा कोरोनातून उठले, पण त्यांची छाती काही उठली नाही. जन्मभर कापसाचा भुगा आत गेलेला, त्यावर हा आजार. चार पावलं चालले की भिंत धरायचे. घरी ऑक्सिजनचं मशीन भाड्याने आणलं, नळी नाकात घालून ते दिवसभर खाटेवर बसून असत. मशीन चालतं लाइटवर, आणि आमच्याकडची लाइट कशी असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी रिसेप्शनला बसलेली असताना आजूबाजूच्या कारखान्यांची खटखट अचानक थांबली की मी घड्याळाकडे बघायचे. खटखट थांबली म्हणजे लाइट गेली, म्हणजे घरी मशीन बंद, म्हणजे आई पदराने वारा घालत बसली असणार. हॉस्पिटलात जनरेटर होता. वर रिकामे बेड होते. बाबांना त्यातला एक मिळावा, एवढंच मला हवं होतं.

पण वॉर्डला कुलूप होतं. प्लांट बिघडलाय, पार्ट बाहेरून यायचाय, असं डॉक्टर सांगत. मीही येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत असे. नारपोलीहून एक बाई आपल्या नवऱ्याला रिक्षात घालून दोनदा आली, दोन्ही वेळा मी तिला म्हटलं, ‘ताई, पार्ट आला की फोन करते.’ मनापासून म्हटलं होतं. मी स्वतःही त्याच पार्टची वाट बघत होते. महिन्यामागून महिने गेले, आणि तो पार्ट माझ्या मनात फार लांबून येणाऱ्या पाहुण्यासारखा झाला, निघालाय निघालाय आणि पोचतच नाही.

मग एके सकाळी डॉक्टरांचा फोन आला. ‘ताई, काकांना घेऊन ये. वॉर्ड चालू झालाय. पहिला बेड काकांना.’

आईने देवापुढे साखर ठेवली. बाबांना धुतलेला सदरा घातला, रिक्षा केली. हॉस्पिटलात गेलो तर पाहुणे मुलगी बघायला येणार असल्यासारखी गडबड. फरशा पुसलेल्या, दारात कुंड्या, जिन्यापाशी ‘मोफत उपचार’ असा फलक. मागच्या आवारातून प्लांटची घरघर येत होती. वॉर्डात सगळे बेड भरलेले. कुणी शेजारच्या चाळीतले, कुणी लूमवरचे, कुणी तर मला चांगलेच धडधाकट दिसले. बाबांना खिडकीजवळचा बेड मिळाला. नळी लावली, आणि थोड्या वेळाने त्यांच्या ओठांचा रंग बदलला. ते न थांबता एक पूर्ण वाक्य बोलले. कितीतरी दिवसांनी. मी बाहेर जाऊन रडून आले.

दुपारी पथक आलं. दिल्लीची दोन माणसं, मुंबईचे एक साहेब. साहेबांनी बाबांना मराठीतून विचारलं, ‘काय बाबा, पैसे मागतात का इथे?’

‘कुनी न्हाय मागत, साहेब,’ बाबा हात जोडून म्हणाले. ‘डाक्टर देव हाय आमचा.’

डॉक्टरांनी मान खाली घातली. मला तेव्हा तो विनय वाटला.

संध्याकाळ व्हायच्या आत सिस्टर आली आणि नळी काढू लागली. डिस्चार्ज, म्हणाली. मी म्हटलं, सकाळीच तर आणलंय. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘सगळ्यांनाच आहे.’ खरंच, धडधाकट मंडळी चपला घालून निघालीही होती, खाली त्यांना नाश्त्याची पाकिटं वाटत होते. मी बाबांना धरून जिना उतरवत होते तेव्हा मागच्या आवारातली घरघर थांबली. रिक्षात बसेपर्यंत फलकही उतरला होता.

तेव्हा मला कळलं की पार्ट वगैरे काही यायचंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले. ओरडायचं ठरवून गेले होते, पण त्यांनी आधी बस म्हटलं, चहा मागवला. मग शांतपणे समजावलं. प्लांटचं लाइटबिल कोण भरणार? पैसे वॉर्ड बांधायला मिळाले, चालवायला नाही. रोज फुकट चालवला तर हॉस्पिटल बुडेल, तुझ्यासकट सगळ्यांचे पगार जातील. सगळीकडे असंच चालतं. आणि मग अगदी मायेने, ‘काकांना घरी दुसरं चांगलं मशीन घे ना. माझ्या ओळखीने स्वस्तात करून देतो.’

‘पण मला खोटं का सांगितलं?’ मी विचारलं.

‘तुला खरं सांगितलं असतं तर तुला लोकांना खोटं सांगावं लागलं असतं,’ ते म्हणाले. जणू माझ्यावरच उपकार.

हत्तीचे दात दाखवायचे वेगळे आणि खायचे वेगळे, हे शाळेत शिकलो आपण. पण दाखवायच्या दातांत आपला बाप बसवलेला बघितला की म्हण वेगळीच लागते. मी नोकरी सोडली नाही. मशीनचं भाडं त्याच पगारातून जात होतं. फक्त कुणी वॉर्डचं विचारलं की आता मी म्हणायचे, ‘डॉक्टरांनाच विचारा.’

घरी मी काही बोलले नाही. आई तो दिवस शेजारणींना सांगत होती, बेड दिला, साहेब बोलले, सगळं फुकट. तिचं सुख कशाला मोडा. बाबा गप्प असायचे. मला वाटायचं, त्यांना कळलं नसेल.

पुढच्या वर्षी पुन्हा फोन आला. तेच वाक्य, ‘काकांना घेऊन ये.’ मी नाही म्हणून ठेवून दिला. बाबा तोवर खाटेवरून उठतही नव्हते. त्यांनी विचारलं कुणाचा, मी सांगितलं, आणि या वेळी सगळंच सांगितलं. वॉर्डचं कुलूप, चपला घालून गेलेले पेशंट, सगळं. ते ऐकत राहिले.

‘मना ठावं हाय ता,’ ते म्हणाले. ‘चादर कोरी व्हती. पान्यात गेलेलीच न्हवती. रोजचा पेशंट असता तं कांजी ऱ्हायली असती का चादरीत?’

‘मग त्यांना देव का म्हणालात?’

‘जीव दिलान त्यानं मना. येक डाव बोललो.’ मग दम घेऊन, ‘चल, बाय. येक दिस तं येक दिस. सास तं नीट घेन.’

बापाला एक दिवसाचा श्वास हवा असताना आपला स्वाभिमान कुठे घेऊन बसायचं. मी रिक्षा आणली. वाटेत मात्र पक्कं ठरवलं, आज साहेबांना मी सांगणार. नोकरी गेली तर गेली.

तीच कुंड्यांची रांग, तोच फलक, चादरी पुन्हा कोऱ्या. तेच मुंबईचे साहेब. ते खाटेशी आले आणि मी तोंड उघडणार, इतक्यात बाबांनीच नळी बाजूला सारली.

‘साहेब, हितं फुकट हाय समदं,’ ते म्हणाले. ‘पन तुम्ही येता तवाच हाय. तुम्ही रोज येत जा.’

मग साहेब हसले. मनापासून हसले, आणि दिल्लीच्या माणसांना त्यांनी हिंदीत सांगितलं, ‘बोल रहे हैं, रोज आया करो.’ तेही हसले. डॉक्टर शेवटी हसले, पण सगळ्यांत मोठ्याने.

‘साहेब, ते खरं सांगताहेत,’ मी म्हटलं.

डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘ही आमच्या रिसेप्शनची. काकांची मुलगी.’

‘वा,’ साहेब म्हणाले, ‘स्टाफच्या घरचेही इथेच येतात म्हणजे विश्वास आहे.’ आणि पुढच्या बेडकडे वळले. मी पुन्हा बोलले, त्यांच्या पाठीला. सिस्टरने माझा दंड धरून मला बाहेर नेलं. ती पण रडत होती, पण धरलं तिने घट्टच.

परतताना बाबांनी रिक्षात विचारलं, ‘खरं बोललो ना मी?’

‘हो.’

‘मंग हसली कशाला ती समदी?’

दुसऱ्या दिवसापासून मी कामावर गेले नाही, आणि मला कुणी बोलावलंही नाही. पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी कारखान्यांची खटखट थांबली आणि बराच वेळ सुरू झाली नाही. मी घरातच होते. पदराने आई, पुठ्ठ्याने मी, दोघी वारा घालत होतो. बाबा गेले तेव्हा हॉस्पिटलचा जनरेटर इथवर ऐकू येत होता.

दहाव्याला आम्ही गावी होतो. विधी उरकून माणसं अंगणात बसली होती, तेवढ्यात डॉक्टरांची गाडी आली. सगळे उठून उभे राहिले. डॉक्टर आईच्या पाया पडले, माझ्या चुलत्याशेजारी सतरंजीवर बसले, आणि जरा वेळाने बाबांच्या आठवणी निघाल्या तशी त्यांनीही एक सांगितली.

‘काका कसे गमतीचे होते बघा. एवढे मोठे साहेब आले, तर त्यांना म्हणतात, रोज येत जा. इतका जीव होता त्यांचा आपल्या वॉर्डवर.’

माणसं ओल्या डोळ्यांनी हसली. चुलत्याने उपरण्याने नाक पुसलं.

‘गंमत नव्हती ती,’ मी म्हटलं. ‘तुम्ही तो वॉर्ड वर्षातून एक दिवस उघडता, हे ते साहेबांना सांगत होते. एरवी त्याला कुलूप असतं. सरकारने गरिबांसाठी पैसे दिले आणि तुम्ही माझ्या बापाला त्या एका दिवसापुरतं झोपवलंत. ते श्वासावाचून गेले, डॉक्टर.’

मी आईकडे बघितलं. पुठ्ठ्याने वारा घालून माझे हात भरून आले तेव्हा तो तिनेच माझ्या हातातून घेतला होता. बाबांनी कोऱ्या चादरीचं सांगितलं तेव्हाही ती तिथेच, चुलीपाशी होती.

‘दुःखात आहे ती,’ डॉक्टर हळूच म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. आईनेसुद्धा.