पहिलं वाक्य कोणाचं?

“दोनच वाक्यं सांग मले. रडणं मंग.” असं म्हणून मास्तर फरशीवरची रुई तळहातानं बाजूला सारायचे आणि खालच्या धुळीत बोटानं गोल काढायचे.

ते खरे मास्तर नव्हते. पांढरकवड्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, आम्ही कापसातला कचरा वेचायचो. ते बी.ए. झालेले. जेवणाच्या सुट्टीत तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करायचे, म्हणून मास्तर. सुट्टीतही फाटकाला कुलूप असायचं, त्यामुळं दुसरं करणार तरी काय? मी सातवीतून शाळा सोडलेला, धुळ्याकडचा. पांढरकवड्यात माझं कोणीच नव्हतं.

कापसाचे ते दिवस तुम्हीही पाहिले असतील. भाव नाही, गाड्या येईनात, जिनिंग कधी चालू, कधी बंद. काम जाईल या धास्तीनं मी रोज मुकादमाचं तोंड बघायचो.

एकदा मुकादम माझ्याकडं न बघता पुढं गेला. मी डबाच उघडला नाही. मास्तरांनी वाक्यं मागितली. मुकादम ज्याला कामावरून काढतो त्याच्याकडं बघत नाही, हे एक. माझ्याकडं बघितलं नाही, हे दुसरं. त्यांनी मोठा गोल काढला, न बघितलेल्यांचा. त्याच्या पोटात लहान, काढलेल्यांचा.

“तू मोठ्या गोलात हायेस. लहान्यात हायेस हे कुठं लिहिलं? जेव आता.”

पलीकडून एक बाई म्हणाली, मास्तर, आमच्या घरच्या मालकाचाबी गोल काढा. “वहिनी, दोन वाक्यं लागतात. तुमचे वीस होतात.”

आज मी सुरतेत कामाला आहे; कारखान्याचा भोंगा वेळेवर वाजला नाही तरी आधी दोन वाक्यं मांडतो. हे त्यांचं देणं.

त्यांचा नियम एकच. दिलं तेवढं खरं धराचं. परीक्षेच्या पेपरात सर्व बैल डॉक्टर आहेत असं आलं, तर बैल डॉक्टरच. भांडाचं नाही.

वयाच्या अटीनं ती परीक्षा त्यांची शेवटची होती. नागपूरला, रविवारी. दोन-तीन दिवस आधी ते भिंतीला टेकून नुसतेच बसले. त्यांच्या वावरातल्या कापसाच्या वेचणीला बाया नेमक्या त्याच रविवारी मिळत होत्या. जिनं तिनं वेचलेला कापूस मोजून घ्यायला घरचा माणूस लागतो. वडील थकलेले, धाकटे भाऊ पुण्याला.

या वेळी मीच म्हणालो, मास्तर, वाक्यं सांगा.

“घरचा थोरला वावर सोडत नाही. मी थोरला.” गोलात गोल, आत एक ठिपका. “पाह्य, बराबर बसते.”

बसत होतं. मी बराच वेळ पाहिलं. मग भीतभीत विचारलं, “पण पहिलं वाक्य कोणी दिलं?”

त्यांनी बोटाची धूळ झटकली.

“पेपरात तसं विचारता येत नाही.”

“हा पेपर आहे का, मास्तर?”

त्यांनी भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढं ठेवली. स्वतः मात्र खाल्ली नाही.

रविवारी सकाळी मास्तर जातात का बघायला मी स्टँडवर गेलो. नागपूरची गाडी लागलेली. मास्तर आले ते सायकलवर, कॅरिअरला रिकामी पोती बांधलेली, अंगात मात्र कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. मला पाहून म्हणाले, धुतलाच होता, घातला. कंडक्टरनं त्यांना विचारलं, येता काय? त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि सायकल मागं घेऊन गाडीला वाट करून दिली.

धूळ बसली तेव्हा ते वावराच्या रस्त्याला लागले होते. बाह्यासुद्धा दुमडल्या नव्हत्या.